हळकुंडाचा ‘टण्’ आणि नर्सीचे टाळ : व्हिडिओच्या तुकड्यांतून गाणं बनतं कसं?

ऑगस्ट २०२०. लॉकडाऊनमुळे सगळे घरात आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर एकच गाणं, ‘रसोडे में कौन था’. हिंदी मालिकेतल्या कोकिलाबेनच्या संवादाचं गाणं करणारा यशराज मुखाटे मराठवाड्यातलाच, औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा.

यशराजने मूळ संवाद धरून ठेवला आणि त्याच्याभोवती चाल, ताल उभा केला. याच घराण्यातला आणखी एक प्रकार आहे. त्यात व्हिडिओचा एकेक तुकडाच पेटीची पट्टी होतो. पट्टी दाबली की तो आवाजही येतो आणि तो आवाज करणारा माणूसही दिसतो.

नॉर्वेच्या लासे येर्टसेनचा ‘अमॅच्युअर’ हा २००६ सालचा व्हिडिओ याचं गाजलेलं उदाहरण. त्यात तो ड्रम आणि पियानो झकास वाजवताना दिसतो. प्रत्यक्षात त्याला दोन्ही वाजवता येत नव्हतं. एकेक ठोका, एकेक स्वर वेगळा शूट करून त्याने ते तुकडे जोडले होते.

असं शेकडो वेळा हाताने कापत, जोडत बसणं म्हणजे डोळ्यांची वाट लावणं. इथे मिडी कामाला येतं.

मिडीबद्दल एक गैरसमज हमखास असतो. लोकांना वाटतं, मिडी म्हणजे एक प्रकारचा आवाज. मिडीत आवाज नसतोच, असतात फक्त सूचना: कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक, जोरालाही तसंच माप. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या एका प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांचे कीबोर्ड एका वायरने जोडून दाखवले गेले, तेव्हापासून ही भाषा चालत आली आहे. ‘६० नंबर दाब’ एवढाच निरोप असल्यामुळे ६० नंबरवर पियानो ठेवायचा की बकरीचं ओरडणं, हे ठरवणारे तुम्ही.

आता हिंगोली जिल्ह्यातच गाणं करायचं ठरवलं, तर? सामान हळदीतच सापडेल. नीट वाळलेलं हळकुंड मोडलं की धातूसारखा कडक ‘टण्’ येतो. तो ३८ नंबरवर, कारण ड्रमच्या प्रचलित मांडणीत तिथे स्नेअर असतो. पोतं जमिनीवर आपटल्याचा ‘धप्प’ ३६ वर, बास ड्रमच्या जागी. सुपाची सळसळ ४२ वर. संत नामदेवांच्या नर्सीतल्या भजनी मंडळाचे टाळ वर चमकायला. चालीसाठी लिलावाच्या बोलीतला एखादा लांबवलेला ‘आ’.

इथे खरी गंमत आहे. तो ‘आ’ जुन्या पद्धतीने, म्हणजे वेग वाढवून, एक सप्तक वर नेला तर तुकडा निम्म्या वेळात संपतो आणि बोली लावणाऱ्याचं तोंड दुप्पट वेगाने हलतं. आजचं सॉफ्टवेअर वेग न बदलता सूर चढवू शकतं. पण हसवायचं असेल तर जुनीच पद्धत बरी.

बहुतेक नवखे अडकतात ते मात्र वेगळ्याच ठिकाणी: तालात. व्हिडिओ चित्रांच्या ठरावीक पायऱ्यांवर चालतो, संगीताला असल्या पायऱ्या नसतात. सेकंदाला ३० चित्रं आणि मिनिटाला १२० ठोके असा हिशेब धरला, तर एका ठोक्यात १५ चित्रं येतात, ठीक. पण ठोक्याचा चौथा भाग होतो पावणेचार चित्रांचा, आणि पाऊण चित्र कापता येत नाही. मग हळकुंड आधी मोडतं आणि आवाज मागून येतो, किंवा उलट. लय मिनिटाला १५० ठोके ठेवली तर तोच चौथा भाग बरोबर ३ चित्रांत बसतो. शिवाय बरेच मोबाईल चित्रांचा वेग मधेच कमीजास्त करतात, म्हणून आधी सगळे तुकडे एकाच वेगात बदलून घ्यावे लागतात. आणि प्रत्येक तुकडा आवाज सुरू होतो त्याच क्षणापासून कापायचा. आधीची हात उचलण्याची हालचाल कितीही छान दिसली तरी गेली पाहिजे.

रेझोल्यूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका पट्टीला थेट व्हिडिओचा तुकडा जोडता येतो. ते नसेल तर बँडलॅबसारख्या फुकट अ‍ॅपवर आवाज रचायचे आणि त्याबरहुकूम चित्रं नंतर बसवायची. वेळ जास्त जातो, खर्च नाही.

प्रश्न उरतो त्या ‘आ’वाल्या माणसाचा. एका गाण्यात त्याचं तोंड दोनशे वेळा उघडतं. गाणं व्हायरल झालं तर बाजारात त्याला त्याच नावाने हाक पडू शकते. नामदेवांच्या अभंगांवर कुणाचा कॉपीराइट नाही, पण १९५७ च्या कायद्यानुसार भजन गाणाऱ्याचा स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. म्हणून शूट करण्याआधी विचारायचं आणि तयार व्हिडिओ टाकण्याआधी त्याला दाखवायचा. नको म्हणाला तर पट्टीवर दुसरा तुकडा ठेवायला मिनिटही लागत नाही. मिडीतले निरोप तेच राहतात.

हळकुंडाच्या बाबतीत ती अडचण नाही. फक्त ते पुरतं वाळलेलं हवं. ओल राहिली असेल तर ते ‘टण्’ म्हणत नाही.