बायबलचे शब्दप्रामाण्य आणि पंडिता रमाबाई

आगरकरांच्या काळापासून ग्रंथप्रामाण्य विरुद्ध बुद्धिप्रामाण्य अशी जोडी आपण लावत आलो आहोत. त्यामुळे एखादा ख्रिस्ती माणूस 'बायबल हा देवाचा शब्द आहे' असे म्हणतो, तेव्हा त्याने विचाराचे दार लावून घेतले अशी आपली समजूत होते. पंडिता रमाबाईंचा इंग्लंडमधला पत्रव्यवहार वाचताना मात्र ही समजूत मला पुरेना. तिथे एक बाई बायबलचे प्रामाण्य मान्य करते, आणि त्याच्याच बळावर धर्माधिकाऱ्यांपुढे वाकायला नकार देते. हे कसे शक्य झाले, हे कळण्यासाठी आधी त्या प्रामाण्याचे स्वरूप पाहायला हवे.

आपल्याकडच्या दोन भूमिका शेजारी ठेवल्या तर ते लवकर उमगते. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ताच नाही, ईश्वरसुद्धा नाही. दोष येतो तो वक्त्यामुळे. वक्ताच नाही, म्हणून वेद निर्दोष. नैयायिकांना हे पटत नाही. शब्दाला प्रामाण्य येते ते तो बोलणाऱ्या आप्तामुळे, विश्वासार्ह वक्त्यामुळे. वेदांचा वक्ता ईश्वर आहे, म्हणून ते प्रमाण. ख्रिस्ती भूमिका मीमांसकांपासून फार दूर आणि नैयायिकांच्या बरीच जवळ आहे. फरक एवढाच, की तिथे एका ग्रंथाला दोन कर्ते मानले जातात : ईश्वर आणि माणूस.

या श्रद्धेचा मुख्य आधार म्हणजे पौलाच्या नावाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला एक ग्रीक शब्द, 'थेओप्नेउस्तोस'. 'ईश्वराने फुंकलेले', 'ईश्वराच्या श्वासातून आलेले' असा त्याचा अर्थ. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'परमेश्वरप्रेरित' हा शब्द आला. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात हीच कल्पना जरा वेगळी येते : बोलली ती माणसेच, पण पवित्र आत्म्याने त्यांना चालवले. आपल्याला हे अगदी परके नाही. आपली वाणी आपली नव्हे, बोलविता धनी वेगळा आहे, हे तुकोबांनी वारंवार सांगितले. तरीही त्या वाणीवरचा देहूचा ठसा पुसला जात नाही.

नव्या करारात हा माणसाचा ठसा जागोजागी आहे. लूक आरंभीच सांगतो, की आधी अनेकांनी हा वृत्तांत लिहिला असून आपण सगळ्याचा नीट शोध घेऊन तो पुन्हा मांडत आहोत. आकाशवाणी ऐकणाऱ्याची ही भाषा नाही. इथे बोलतो आहे तो साधने तपासणारा लेखक. करिंथकरांना लिहिताना पौल, आपण कोणाकोणाला बाप्तिस्मा दिला ते सांगतो आणि मग 'आणखी कोणाला दिल्याचे आठवत नाही' अशा अर्थाचे लिहितो. त्याच पत्रात विवाहाबद्दल बोलताना, अमुक आज्ञा प्रभूची आणि अमुक माझी, असा भेदही करतो. रोमकरांस पत्राच्या शेवटी ते उतरवून घेणारा लेखनिक तर्तियस स्वतःचा नमस्कार घालतो. तीमथ्याला लिहिलेल्या त्याच दुसऱ्या पत्रात, त्रोवसला राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन ये, असा निरोप आहे. विसरणारा, थंडी वाजणारा माणूस ज्या ग्रंथात पुसला गेला नाही, तो ग्रंथ प्रेरित, असे ही श्रद्धा म्हणते.

यातून एक मोठी गोष्ट निघते. वेदांत अक्षर, स्वर आणि क्रम यांना धक्का लावता येत नाही, कारण सामर्थ्य त्या ध्वनीतच आहे. ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला, तरी पारायणात मूळ श्लोकांचे स्थान अबाधित राहिले. ख्रिस्ती ग्रंथाची गोष्ट निराळी. येशू अरामी बोलत असे आणि शुभवर्तमाने ग्रीकमध्ये आहेत. म्हणजे खुद्द संस्थापकाचे शब्दच अनुयायांपर्यंत भाषांतरातून पोचले. मार्काने मोजके अरामी शब्द तसेच ठेवले आणि लगेच त्यांचा ग्रीक अर्थ दिला. नव्या कराराचे लेखक जुन्या करारातले उतारे देतात, तेही बऱ्याचदा हिब्रूवरून न घेता अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या ग्रीक भाषांतरावरून. यशया संदेष्ट्याच्या हिब्रूत जिथे तरुण स्त्रीसाठीचा शब्द आहे, तिथे ग्रीक भाषांतरात 'कुमारी' आली, आणि मत्तयाने तीच उचलली. भाषांतर या श्रद्धेला बाहेरून चिकटलेले नाही. ते तिच्या पायात आहे.

मग पुढचा प्रश्न अटळ होतो. प्रामाण्य नेमके कशाला? मूळ लेखाला, भाषांतराला, की अर्थ सांगणाऱ्या संस्थेला? नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची आज मान्य असलेली यादी प्रथम आढळते ती अथनेशियसच्या ३६७ सालच्या पत्रात. म्हणजे ग्रंथ कोणता हे ठरवण्यातही माणसांचा हात आहे. कॅथलिक पंथ म्हणतो, की हे ज्या मंडळीने ठरवले तिची परंपराही प्रमाण मानायला हवी. १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ग्रंथ आणि परंपरा या दोहोंना सारखाच आदर दिला आणि लॅटिन व्हल्गेट ही अधिकृत प्रत ठरवली. ल्यूथरने १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत त्याउलट ग्रंथ आणि आपली सदसद्विवेकबुद्धी यांचा आधार घेतला होता. मात्र त्याच ल्यूथरने याकोबाच्या पत्राला गवताची उपमा देऊन कमी लेखले. आजही कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तके आहेत आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६.

विसाव्या शतकात या वादाला नवी धार आली. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ईश्वर हा ग्रंथाचा कर्ता आहेच, पण माणसेही त्याचे खरेखुरे लेखक आहेत, असे मांडले. १९७८ मध्ये शिकागोत जमलेल्या इव्हँजेलिकल विचारवंतांनी बायबल संपूर्ण निर्दोष असल्याचे जाहीर केले. मात्र ही निर्दोषता त्यांनी काटेकोरपणे लेखकांच्या मूळ हस्तलिखितांपुरती सांगितली. ती मूळ हस्तलिखिते आज कुठेही उरलेली नाहीत. आहेत त्या नकला, आणि त्यांत फरक आहेत. मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. ('ओवी' हा बायबलमधल्या क्रमांकित वाक्यासाठी मराठी ख्रिस्ती समाजात रूढ असलेला शब्द.)

मराठीत हे दोन्ही मार्ग दिसतात. फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'त बायबलचे भाषांतर केले नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी ती कथा पुराणाच्या घाटात पुन्हा सांगितली. अर्थ मंडळीच्या हाती राहिला आणि श्रोत्यांना कथा मिळाली. श्रीरामपूरच्या विल्यम केरींनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले, तेव्हा ग्रंथच वाचकाच्या हाती देण्याचा दुसरा मार्ग सुरू झाला.

या दुसऱ्या मार्गाचा अर्थ रमाबाईंच्या आयुष्यात पूर्णपणे उलगडतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी विरोध सोसून पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. भागवत रमाबाईंना मुखोद्गत होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' पदवी दिली. तरी परंपरेने स्त्रीला वेदाधिकार नव्हता. शब्द प्रमाण, पण तो ऐकण्याचा अधिकार ठराविकांना, ही व्यवस्था त्यांनी आतून पाहिली होती.

सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण पुढच्या दोन वर्षांतल्या पत्रांत त्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना आणि चेल्टनहॅमच्या डोरोथिया बील यांना सतत प्रश्न विचारताना दिसतात. त्रैक्याचा सिद्धान्त, अथनेशियसच्या नावावरचे श्रद्धासूत्र, येशूचा कुमारीच्या पोटी जन्म, काहीही त्यांनी नुसते सांगितले म्हणून स्वीकारले नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही याबद्दल धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हाही त्यांनी आपले स्वातंत्र्य ठामपणे मांडले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे. मी बांधील आहे ती देवाच्या शब्दाला. ग्रंथप्रामाण्य इथे स्वातंत्र्याचे हत्यार झाले. ग्रंथ सर्वांवर प्रमाण असेल तर तो बिशपवरही प्रमाण आहे, आणि जिला वाचता येते तिला त्याचा दाखला देता येतो.

पुढे त्यांची श्रद्धा अधिक दृढ, अधिक बायबलनिष्ठ झाली. केडगावच्या मुक्तिसदनात राहून, ग्रीक आणि हिब्रू शिकून, त्यांनी अखेरच्या वर्षांत मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. संस्कृत जिभेवर असलेल्या या बाईंनी मुद्दाम कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी भाषा निवडली. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तिसदनातल्याच स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे सगळे उजळच आहे असे मी म्हणत नाही. याच ग्रंथात स्त्रीने मंडळीत शिकवू नये असे सांगणारी ओवीही आहे, आणि ती प्रमाण मानूनच कित्येक ठिकाणी स्त्रियांना गप्प बसवले गेले. गुलामगिरीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनी याच पुस्तकातले दाखले दिले. प्रामाण्य मानले म्हणजे अर्थ ठरला असे होत नाही. अर्थावरचे भांडण तिथे सुरू होते. पण त्या भांडणात कोणाला बसता येते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शब्दाला प्रमाण मानणे आणि शब्दावर मक्तेदारी सांगणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण बहुतेकदा दुसरीचा राग पहिलीवर काढतो. दुष्काळातून आलेल्या बायका केडगावच्या छापखान्यात एकेक खिळा उचलून 'देवाचा शब्द' जुळवत होत्या, तेव्हा त्या पहिली गोष्ट मानत होत्या आणि दुसरी मोडत होत्या.