इंग्लंडची कॅथीड्रल्स (लेखांक ५) : ईलीचा अष्टकोन

केंब्रिजहून निघालेली आगगाडी पाव तासात ईलीला पोचते, पण कॅथीड्रल त्याआधीच दिसू लागतं. दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत काळीभोर सपाट शेतं, आणि त्या सपाटीवर एकटीच उभी असलेली ती प्रचंड वास्तू. इथले लोक तिला ‘फेन्समधलं जहाज’ म्हणतात. फेन्स म्हणजे पूर्व इंग्लंडमधला दलदलीचा प्रदेश. सतराव्या शतकात चर खणून तिथलं पाणी काढून दिलं, तोवर ईली हे खरोखरीचं बेट होतं. भोवतालच्या पाण्यात ईल, म्हणजे आपल्याकडच्या वाम माशासारखे लांबट मासे, विपुल होते. गावाचं नाव त्या माशांवरूनच पडलं, अशी नोंद आठव्या शतकातला इतिहासकार बीड याने करून ठेवली आहे.

गेल्या आठवड्यात आपण डरहॅमचे जाडजूड खांब पाहिले. ईलीत पश्चिमेच्या दारातून आत शिरलं की नॉर्मन कारागिरांचा तोच हात पुन्हा ओळखू येतो. तशाच अर्धगोल कमानी, एकावर एक तीन मजले, आणि पूर्वेकडे लांबच लांब धावत गेलेली खांबांची रांग. एथेल्ड्रेडा या राजकन्येने ६७३ मध्ये इथे मठ स्थापला. आजच्या इमारतीचं काम १०८३ मध्ये मठाधिपती सिमियन याने सुरू केलं आणि ११०९ मध्ये बिशपची गादी इथे आली. वरचं रंगवलेलं छत मात्र एकोणिसाव्या शतकातलं आहे. त्याच्याकडे पाहत चालत राहा, पण फार रेंगाळू नका. शंभरेक पावलांवर जे आहे, त्यासाठीच आपण इथे आलो आहोत.

मध्ययुगीन इंग्लिश कॅथीड्रलचा आराखडा क्रुसासारखा असतो. उभी आणि आडवी इमारत जिथे एकमेकींना छेदतात तिथे चार मोठे खांब आणि त्यांवर चौकोनी मनोरा, ही ठरलेली रीत. ईलीतही तसाच दगडी मनोरा होता. १३ फेब्रुवारी १३२२ रोजी भल्या पहाटे, प्रार्थना आटोपून मठवासी बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात, तो पूर्वेकडच्या बाजूवर कोसळला. आवाज इतका मोठा झाला की भूकंप झाला असं लोकांना वाटलं. सुदैवाने माणूस एकही दगावला नाही. जमीन मुळात पाणथळ. त्यात १३२१ मध्ये शेजारीच नव्या चॅपेलचा पाया खणायला घेतला होता. त्याने मनोऱ्याखालची माती हलली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मठाच्या इमारतींची जबाबदारी तेव्हा अ‍ॅलन ऑफ वॉल्सिंगहॅम या मठवाशाकडे होती. मठाच्या बखरीत लिहिलं आहे की तो दुःखाने खचून गेला, कुठे वळावं हेच त्याला कळेना. मग त्याने धीर धरला आणि दगडमातीचा ढीग उपसायला लावला. यापुढे त्याने जे केलं, त्याला मी मध्ययुगीन इंग्लंडमधला सर्वांत धाडसी वास्तुनिर्णय मानतो. पडलेले चार खांब त्याने त्याच जागी पुन्हा उभारलेच नाहीत. त्यांच्या बाहेर, मोकळ्या झालेल्या जागेच्या कडेने, त्याने आठ जागा मोजून आखल्या, कठीण जमीन लागेपर्यंत खणलं आणि पाया दगड-वाळूने भरून काढला. मनोरा पडून जी पोकळी झाली होती, तीच त्याने नव्या रचनेचा आराखडा म्हणून स्वीकारली.

पण ही पोकळी सुमारे २२ मीटर रुंद. तिच्यावर दगडी छत टाकायचं तर त्याचं वजन पेलणार कसं? म्हणून वरचं काम लाकडात करायचं ठरलं आणि राजाचा सुतार विल्यम हर्ली याला बोलावलं. मधल्या कंदिलासारख्या शिखराच्या आठ कोपऱ्यांसाठी ओकचे आठ अखंड सोट लागणार होते, प्रत्येक सुमारे १९ मीटर लांब. एवढी झाडं जवळपास मिळेनात. बेडफर्डशायरमधल्या चिकसँड्सहून ती विकत आणावी लागली. या सोटांखाली जमिनीपर्यंत आधार नाही. कडेच्या दगडी खांबांपासून आत झेपावणाऱ्या तिरप्या लाकडी टेकूंवर ते तोललेले आहेत. ते टेकू खालून दिसत नाहीत, कारण दगडी कमानींसारख्या दिसणाऱ्या लाकडी फासळ्यांच्या आड ते झाकले आहेत. खाली उभं राहून मान वर केली, तर शेकडो टन लाकूड आणि शिसं प्रकाशात तरंगत असल्यासारखं वाटतं. १३२२ मध्ये सुरू झालेलं हे काम वीसेक वर्षं चाललं.

अगदी मध्यावर, जमिनीपासून सुमारे ४३ मीटरवर, ओकमध्ये कोरलेली ख्रिस्ताची मूर्ती आहे. ती जॉन ऑफ बरवेल याने घडवली. त्याला दोन शिलिंग आणि जेवण मिळालं, असं मठाच्या हिशेबात नोंदलेलं आहे. खालून कोणाला नीट दिसणारही नाही अशा उंचीवर त्याने इतकं मन लावून काम केलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ज्या चॅपेलचा पाया १३२१ मध्ये खणला, ते मेरीमातेचं लेडी चॅपेल १३४९ मध्ये पुरं झालं. देखरेख करणारा जॉन ऑफ विस्बीच त्याच वर्षी प्लेगने गेला. प्रशस्त, उजेडाने भरलेली खोली. भिंतींवर खाली सगळीकडे लाटेसारख्या पुढे झुकलेल्या कमानींचे कोनाडे, आणि त्यांत मेरीच्या कथा कोरलेल्या. जवळ गेल्यावर मात्र काळजात चर्र होतं. जवळजवळ एकाही आकृतीला डोकं उरलेलं नाही. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ मध्ये, मठ बंद झाला आणि १५४१ मध्ये बिशप गुडरिक याने मूर्ती आणि पवित्र अवशेष नष्ट करण्याचा हुकूम काढला. खिडक्यांतल्या रंगीत काचाही गेल्या. कोनाड्यांच्या खाचांत जुन्या रंगाचे लहानसे ठिपके अजून सापडतात. त्यांवरून ही सारी खोली एकेकाळी लाल, निळ्या, सोनेरी रंगांनी झगमगत असणार हे कळतं. मनोरा पडला त्याची भरपाई अ‍ॅलनने केली. या चेहऱ्यांची भरपाई कोणालाच करता आलेली नाही.

ईलीला गेलात तर अष्टकोनावर चढण्याच्या फेरीचं वेगळं तिकीट जरूर काढा. जिने अरुंद आहेत, पण वर पोचल्यावर वाटाड्या देवदूतांची चित्रं असलेली एखादी लाकडी फळी दारासारखी उघडतो आणि सगळं कॅथीड्रल पायांखाली दिसतं. चढणं जमणार नसेल तर एक लहान दुर्बीण सोबत ठेवा आणि खालून जॉन ऑफ बरवेलची मूर्ती शोधा.