ब्राउझरची धाव आणि त्याची भूक

सर्वांत जलद ब्राउझर कोणता, आणि संगणकाची मेमरी सर्वांत कमी खाणारा कोणता, असे दोन प्रश्न आम्हांस वारंवार विचारले जातात. विचारणाऱ्याची अपेक्षा अशी, की आम्ही एक नाव सांगावे आणि मोकळे व्हावे. परंतु हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, आणि ते केवळ कुतूहलाचेही नाहीत. ज्या घरात चार जीबी मेमरीचा जुना संगणक मुलांच्या अभ्यासाला आणि वडिलांच्या पेन्शनच्या कामाला पुरवावयाचा असतो, तेथे नव्या यंत्राचा खर्च या उत्तरावर अवलंबून असतो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्याचे काम मुख्यतः मजकूर दाखविण्याचे होते. आज ज्याला आपण पान म्हणतो तो बहुधा एक चालता प्रोग्राम असतो. तो चालविणारी मुख्य इंजिने मात्र तीनच : ब्लिंक, गेको व वेबकिट. क्रोम, ऑपेरा आणि २०२० पासून एज हे तिन्ही संगणकावर ब्लिंकच वापरतात. गेको फायरफॉक्सचे आणि वेबकिट सफारीचे. पाट्या निराळ्या, पण पुष्कळ ठिकाणी मुदपाकखाना एकच!

आता मेमरी का लागते ते पाहू. पूर्वीचा ब्राउझर जुन्या वाड्यासारखा होता. सारी बिऱ्हाडे एकाच स्वयंपाकघरात. भांडी कमी लागत, पण एका चुलीचा भडका उडाला की सारा वाडा पेटे. एक पान बिघडले की सगळा ब्राउझर बंद पडे. २००८ साली आलेल्या क्रोमने चाळीची रचना स्वीकारली : प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र चूल. साहजिकच भांडीही वाढली. पुढे २०१८ साली ‘स्पेक्टर’ नावाचा प्रोसेसरमधील दोष उघडकीस आला. एकाच खोलीतले एक पान दुसऱ्याची गुपिते वाचू शकेल, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा क्रोमने निरनिराळ्या संकेतस्थळांच्या भिंती अधिक पक्क्या केल्या आणि त्यासाठी सुमारे १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागते, हे गूगलनेच सांगितले. म्हणजे ही सारी भूक खादाडपणाची नव्हे. तिच्यातला काही भाग राखणदाराचा पगार आहे.

वेग मोजण्याच्या परीक्षांचेही असेच. ‘ऑक्टेन’ ही परीक्षा २०१७ साली गूगलने स्वतःच बंद केली. कारण इंजिने तिच्यापुरती घोकंपट्टी करू लागली होती. प्रत्यक्ष व्यवहारात त्याचा उपयोग नव्हता, क्वचित तोटाच होता. २०२४ साली ‘स्पीडोमीटर’ या परीक्षेची तिसरी आवृत्ती ॲपल, गूगल, मोझिला अशा प्रतिस्पर्ध्यांनी मिळून काढली. प्रतिस्पर्ध्यांनी एकत्र बसून काढलेला पेपर अधिक विश्वसनीय, हे उघड आहे.

तरीही दुसऱ्याच्या यंत्रावरील गुण आपल्या उपयोगाचे नाहीत. मेमरी मुबलक असली की ब्राउझर ती सढळपणे वापरतो, कारण जवळ ठेवलेली वस्तू पुन्हा आणावी लागत नाही. मेमरी संपली, की संगणक आपला पसारा डिस्कवर हलवू लागतो, आणि सगळे रखडते. सोळा जीबीच्या यंत्रावर पहिला येणारा चार जीबीच्या यंत्रावर मागे पडू शकतो. गरिबाच्या घरी कमी खाणारा तोच जलद, असे म्हणावयास हरकत नाही.

म्हणून परीक्षा घरीच घ्यावी. संगणक पुन्हा सुरू करावा, एक्स्टेन्शन बंद ठेवावीत, नेहमीची आठ-दहा पाने उघडावीत आणि पाच मिनिटे थांबून टास्क मॅनेजरमध्ये त्या ब्राउझरची एकूण मेमरी पाहावी. प्रत्येक ब्राउझरची अशी तीनदा तपासणी करून मधला आकडा घ्यावा. पाच-दहा टक्क्यांच्या फरकावर वाद घालू नये. निष्क्रिय टॅब झोपविण्याची सोय असल्यास ती चालू करावी व नको असलेली एक्स्टेन्शन काढून टाकावीत. पुष्कळदा ब्राउझर बदलण्यापेक्षा याचाच लाभ अधिक होतो.

मेमरी वाचविण्यासाठी मात्र जुनाट, दुरुस्त्या न मिळणारा ब्राउझर कोणी वापरू नये. चार भांडी वाचावीत म्हणून दाराची कडी काढून ठेवणे हा काही काटकसरीचा मार्ग नव्हे.