आपोआप चालणारे स्नायु

गिळलेला घास भारानें खालीं पडतो, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः अन्ननलिकेचे स्नायु मागें आवळून व पुढें सैल होऊन त्यास ढकलतात. म्हणूनच डोकें खालीं असतांही पाणी पोटांत जातें. आपल्या इच्छेस न जुमानणारे असेच स्नायु स्त्रीच्या बीजवाहिनींत असून, तेथील सूक्ष्म रोमांसह ते बीज पुढें नेतात. ती वाट रोगानें बुजली तर मूल कसें व्हावें? दोष मात्र त्या बाईस! आपल्या कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशी यांनीं १८८६ सालीं अमेरिकेंत प्रसूतिशास्त्रावरच प्रबंध लिहिला. शंभर वर्षांनीं, ६ ऑगस्ट १९८६ रोजीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा व सहकारी यांच्या उपचारानें, शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून मुलगी जन्मली. असें बीज थेट गर्भाशयांत ठेवितात. बुजलेल्या वाटेची गरजच उरत नाहीं.