तापाचा आकडा कुठून येतो?

भातलावणीचे दिवस. नांदगावातल्या एखाद्या घरी रात्री मुलाचे अंग गरम लागते. थर्मामीटर सापडत नाही, म्हणून कोणीतरी मोबाइलवरचे ‘तापमान’ दाखवणारे ॲप उघडते. पडद्यावर ३६.८ अंश दिसतात. ‘ताप नाही’ म्हणून घर निर्धास्त झोपते. पण असा आकडा बहुतेक वेळा मुलाचा नसतो, फोनच्या बॅटरीचा असतो.

फोन आणि संगणक स्वतःचे तापमान सतत मोजत असतात. चिपमध्ये एक सूक्ष्म डायोड असतो. ठरावीक विद्युतप्रवाह सोडला की त्याच्यावरचा व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. त्यावरून चिप एक आकडा काढून आपल्या कप्प्यात ठेवते. तो वाचून आणण्याचे काम ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसलेला असतो. अँड्रॉइड फोन ज्या लिनक्स कर्नेलवर चालतात, त्यात चिपचे तापमान सहसा अंशाच्या हजाराव्या भागात नोंदवतात. ३६.५ अंश म्हणजे तिथे ३६५००!

आकडा असा लांबलचक दिसला, म्हणून तो तितका अचूक असतो असे नाही. म्हणूनच लिनक्समध्ये अशा ड्रायव्हरसोबत एक माहितीपत्रक लिहिलेले असते, जसे औषधाच्या खोक्यात असते तसेच. ‘एलएम७५’ या जुन्या, साध्या सेन्सरचे पत्रक सांगते की ही चिप मर्यादा आणि मोजमाप अर्ध्या अंशाच्या टप्प्याने देते आणि ड्रायव्हर वाचलेला आकडा थोडा वेळ साठवून ठेवतो. इंटेल प्रोसेसरचे पत्रक सांगते की चिप थेट तापमान देतच नाही. कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत एवढेच ती कळवते, उरलेली वजाबाकी ड्रायव्हर करतो. एएमडीच्या काही प्रोसेसरबाबत तर पत्रक स्पष्टच म्हणते की हा आकडा खरे भौतिक तापमान नव्हे, प्रोसेसर किती थंड करायचा हे ठरवण्यापुरते ते एक माप आहे.

‘एलएम७५’मध्ये सुमारे २ अंश सेल्सिअस इकडेतिकडे चूक संभवते. पंखा चालू-बंद करायला तेवढे पुरते. माणसासाठी मात्र ३७ आणि ३९ यांत, म्हणजे ९८.६ आणि १०२.२ फॅरनहाइट यांत, निरोगी मूल आणि तापाने फणफणलेले मूल एवढा फरक आहे. चांगल्या डिजिटल थर्मामीटरची चूक ०.१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. गूगलच्या ‘पिक्सेल ८ प्रो’ फोनात वेगळा इन्फ्रारेड सेन्सर आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची संमती मिळाल्यावर २०२४ साली त्यावर शरीराचा ताप मोजण्याची सोय तिथे सुरू झाली. असा खास सेन्सर नसेल, तर फोनला अंगाचा ताप कळत नाही.

शरीराच्या आकड्यालाही पत्रक लागते: कुठे मोजला, कशाने, केव्हा? काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो. काख घामाने ओली असेल किंवा थर्मामीटर वाजण्याआधीच काढला, तर तो आणखी फसवतो. गरम चहा प्यायल्यावर लगेच तोंडात थर्मामीटर धरू नये. उन्हातून आलेल्या किंवा घामेजलेल्या माणसाच्या कपाळावर इन्फ्रारेड यंत्र रोखण्याआधी त्याला थोडा वेळ सावलीत बसवावे. आकड्याशेजारी वेळ आणि जागा लिहून ठेवली, तर डॉक्टरांना ताप चढतो कसा, उतरतो कसा, ते कळते.

हे सगळे पावसाळ्यात अधिक महत्त्वाचे. सिंधुदुर्गात चिखलात काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. डेंग्यू, मलेरियाही याच दिवसांत बळावतात. तापासोबत पोटऱ्या दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, लघवी कमी होत असेल किंवा धाप लागत असेल, तर आकडा कितीही असो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर सकाळची वाटही पाहू नये.

घरात एक चांगला थर्मामीटर ठेवावा, आणि त्याच्या खोक्यातला कागद फेकून देण्यापूर्वी एकदा वाचावा.