योआकिमच्या बोटांचा माग

ब्राम्सने आपला व्हायोलिन कॉन्चेर्टो ज्याला अर्पण केला आणि १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिगमध्ये ज्याने तो पहिल्यांदा वाजवला, त्या योझेफ योआकिमचं वादन आजही ऐकता येतं! १९०३ साली, वयाच्या ७२व्या वर्षी, तो बर्लिनमध्ये ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर उभा राहिला. त्यातून तबकड्यांच्या पाच बाजू उरल्या: बाखच्या दोन रचना, ब्राम्सची दोन हंगेरियन नृत्यं आणि एक त्याची स्वतःची.

ऐकायला लागलं की आधी खरखर, मग चकित व्हायला होतं. आजचे वादक जवळजवळ प्रत्येक लांब सुरावर बोट हलवून कंप देतात. योआकिमचे बरेच सूर सरळ, स्थिर. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मात्र तो घसरत जातो, उघडपणे. आपल्या कानाला ती मींडच वाटेल.

हे तो कसं करत होता? डेव्हिड मिल्समसारखे अभ्यासक त्यासाठी स्वतःच व्हायोलिन हाती घेतात. तारा त्या काळच्या, म्हणजे आतड्याच्या. खांद्याखालचा आधार काढलेला. वाद्य असं धरलं की डाव्या हातालाही थोडा भार पेलावा लागतो, आणि सतत कंप देणं आपोआप अवघड होतं. पट्टीवरून खाली येताना हात जपून सरकवावा लागतो. योआकिमने मोझर या सहलेखकाबरोबर लिहिलेल्या व्हायोलिनच्या पाठ्यपुस्तकात कंपाचा अतिरेक टाळण्याची ताकीद आहे. त्यात बोटांचे आकडेही छापलेले आहेत. लागोपाठच्या दोन सुरांवर एकाच बोटाचा आकडा दिसला, की वाजवणाऱ्याला कळतं: इथे घसरायचं आहे. नुसत्या वाचणाऱ्याच्या नजरेतून तो सहज निसटतो. मला या संशोधनातली सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते.

अडचणी आहेतच. तबकडी किती वेगाने फिरवायची यावर सुराची उंची ठरते, म्हणून आधी वेगच ठरवावा लागतो. शिवाय एखादा डळमळीत सूर म्हणजे शैली की बहात्तरीतली बोटं? हुबेहूब नक्कल केली तर म्हातारपणाचीही नक्कल होईल. म्हणून पाठ्यपुस्तक, छापील आकडे आणि तबकडी या तिन्हींचा मेळ जिथे बसतो, तिथेच मी अशा निष्कर्षावर विश्वास ठेवीन.

ही ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सापडतात. आधी एखाद्या आजच्या वादकाचं पहिलं हंगेरियन नृत्य ऐका, मग योआकिमचं. पहिल्या खेपेला खरखरच जास्त ऐकू येईल, दुसऱ्यांदा लावा.