दातावर ब्रॅकेट टिकतं कसं?

आठवी-नववीच्या वर्गात दातांना तारा लावलेली एक-दोन मुलं तरी असतातच. प्रत्येक दातावर धातूची एक छोटी टिकली असते आणि तिच्या खाचेतून तार गेलेली असते. या टिकलीला ब्रॅकेट म्हणतात. ते नुसतं चिकटवलेलं असतं, पण वर्ष-दोन वर्षं चावणं, चुळा भरणं, ब्रश करणं सोसून जागच्या जागी राहतं. दात तर गुळगुळीत आणि सतत ओला. मग हे जमतं कसं?

काळ्या, पॉलिश केलेल्या कडाप्प्याच्या तुकड्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. दहा मिनिटांनी धुऊन कोरडा करा. थेंबाच्या जागी चकाकी जाऊन पांढुरका डाग दिसेल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर असे डाग आपण पाहिलेले असतात. कडाप्पा हा चुनखडीचा दगड. आम्लात त्याचा वरचा थर थोडा विरघळतो, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि प्रकाश विखुरला जातो.

दंतवैद्य दातावर असंच काहीसं करतात. दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो, मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेटचे सूक्ष्म स्फटिक. हे स्फटिक जुड्यांसारखे बांधलेले असतात. एकेक जुडी साधारण ५ मायक्रोमीटर जाडीची. जुडीच्या मध्यभागी आणि कडेला स्फटिकांच्या दिशा वेगळ्या असल्यानं आम्लात ते सारखे विरघळत नाहीत. त्यामुळे असंख्य सूक्ष्म खड्डे तयार होतात.

ब्रॅकेट लावताना दात आधी प्यूमिसच्या पुडीनं घासून स्वच्छ करतात, कोरडा करतात. मग ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचा जेल १५ ते ३० सेकंद लावून पाण्यानं धुतात. हवेच्या झोतानं वाळवल्यावर तेवढा भाग दुधी काचेसारखा दिसतो. त्यावर पातळ रेझिन लावतात. ते खड्ड्यांत शिरतं. नंतर रेझिनची लुकण लावलेलं ब्रॅकेट बसवून निळा प्रकाश टाकतात. रेझिन कडक होतं आणि त्याची सूक्ष्म मुळं एनॅमलमध्ये रुतून बसतात. गुळगुळीत काँक्रीटवर गिलावा धरावा म्हणून गवंडी आधी छिन्नीनं खाचा पाडतो, तसंच हे. मात्र मध्येच लाळ लागली, तर तिच्यातली प्रथिनं खड्डे झाकतात आणि पकड ढिली होते. म्हणून दात कोरडा ठेवण्यासाठी एवढी धडपड असते.

ही युक्ती अमेरिकेतले दंतवैद्य मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ साली मांडली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ८५ टक्के आम्ल ३० सेकंद लावून पाहिलं. दातांना ब्रॅकेट चिकटवायला सुरुवात झाली ती पुढच्या दशकात. तोवर प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे.

“मग आम्लानं दात खराब होत नाही का?” असं एखादी मुलगी विचारेलच. प्रश्न योग्य आहे, कारण एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच नष्ट होतात. गेलेला थर पुन्हा वाढत नाही. पण इथे जातात ते साधारण १० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आणि खड्डे रेझिननं भरले जातात.

खरा धोका नंतर असतो. ब्रॅकेटच्या कडेला अन्न अडकतं. तिथले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं खनिज बाहेर पडू लागतं. हे रोज घडत राहिलं, तर ब्रॅकेट काढल्यावर त्याच्याभोवती पांढरे डाग उरतात. दंतवैद्याचं आम्ल अर्धा मिनिट राहतं; हे महिनोन्‌महिने. म्हणून तारा असलेल्या मुलांनी फ्लोराइडची पेस्ट वापरून ब्रॅकेटच्या वरून-खालून नीट घासायलाच हवं.

कडाप्प्यावर आता लिंबाचे तीन थेंब टाका. पहिला अर्ध्या मिनिटानं धुवा, दुसरा दहा मिनिटांनी, तिसरा तासानं. तिन्ही डाग मुलांनाच शेजारी-शेजारी पाहू द्या.